आवाज बसतो तो बसमध्ये

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वयानं बरीच मोठी आहे म्हणून सरळ ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस. तू लिहिलं आहेस ते थोडक्यात असं: सात वर्षं शास्त्रीय गाणं शिकते आहेस, काळी पाचमध्ये (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला षड्ज, म्हणजे ‘सा’, धरून) गातेस, आणि आता एका संगीत विनोदी नाटकात नायिकेचं काम आलं आहे. डिसेंबरात बारा दिवसांत नऊ प्रयोग. पुणे, सांगली, कोल्हापूर, मग खाली कोकणातून गोवा. तालमीतच दुसऱ्या अंकापर्यंत आवाज चिरकायला लागतो. काल ज्या वाक्याला सगळे हसले तेच वाक्य आज पडतं. आणि गुरुजी म्हणतात, नाटकानं गळा नासेल. तर काम घ्यावं की नाही?

घे. पण तुझी काळजी चुकीच्या जागी आहे असं मला वाटतं, आणि ती जागा बदलली नाहीस तर गुरुजींचं म्हणणं खरं ठरेल.

काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत. तुझा आवाज मी ऐकलेला नाही. साथ प्रत्यक्ष ऑर्गन-तबल्याची आहे की ट्रॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या साथीवर, गायचं आहे, हे तू लिहिलेलं नाहीस. कपाळाशी किंवा गळ्याशी माइक असणार की समोरचे फूट माइक आणि वरून लटकणारे, तेही नाही. एखाद्या गावात दुपार-रात्र असे दोन प्रयोग लागले आहेत का? या उत्तरांनी माझा निम्मा सल्ला बदलतो. ट्रॅक असेल तर आवाज खराब असलेल्या दिवशी पट्टी उतरवायची सोय नाही, आणि प्रेक्षकांचा हशा लांबला तरी संगीत थांबत नाही. विनोदी नाटकात ट्रॅकची खरी अडचण ती दुसरी. मी पुढे जे लिहिते आहे ते ऑर्गन-तबला पिटात, म्हणजे रंगमंचासमोरच्या वादकांच्या जागेत, हजर आहेत असं धरून.

आता आवाजाचं. पदांबद्दल, म्हणजे नाटकातल्या गाण्यांबद्दल, तू लिहितेस, ‘पाच पदं आहेत, त्यानं गळा दमतो.’ मलाही पहिल्या दौऱ्यात हेच वाटलं होतं. तिसऱ्या प्रयोगाला आवाज फाटला, तेव्हा मी पदांतल्या ताना कापल्या. चौथ्याला पुन्हा फाटला. मग आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंनी मला विंगेत गाठून विचारलं, “दुसऱ्या अंकात ती किंकाळी कोण मारतं गं, तूच ना?” मीच. नायकाला दुसऱ्या बाईबरोबर पाहून नायिका किंचाळते, मग भांडते, मग रागानं खदाखदा हसते. साडेतीन मिनिटांचा प्रवेश, आणि प्रेक्षक लोळायचे. तानेत तू सात वर्षांचं शिक्षण वापरतेस. किंकाळीत काहीच वापरत नाहीस. स्वरतंतू घट्ट मिटवून मग धाडकन हवा सोडतेस, तेही धावत आल्यावर, श्वास अर्धवट असताना. विनोदी नाटकात गळा खरा मरतो तो ओरडणं, खिदळणं आणि तावातावाचं भांडण यांत.

तेव्हा तालमीत आधी या जागा शोध. संहितेवर पेन्सिलनं खूण कर: कुठे ओरडते, कुठे खोटं रडते, कुठे मोठ्यानं हसते. मग त्यांनाही पदासारखं बसव. किंकाळीची सुरुवात ‘आ’नं न करता ‘हा’नं कर. आधी थोडी हवा सुटते आणि तंतू एकमेकांवर आपटत नाहीत. स्वर थोडा वर, नाकाच्या मुळाशी ठेव आणि लांबी निम्मी कर. उरलेलं काम अंगानं कर: पदर सुटणं, हातातलं तबक पडणं, समोरच्या नटाचं दचकणं. प्रेक्षक तुझ्या किंकाळीला हसत नाहीत, तिनं समोरच्याचं जे होतं त्याला हसतात. मी माझी किंकाळी अशी अर्धी केली तेव्हा दिग्दर्शकाच्या लक्षातही आलं नाही.

दुसरी जागा स्टेजच्या बाहेरची आहे. थोडा हिशेब करू. चार मिनिटांचं पद सरासरी सेकंदाला तीनशे कंपनांनी गायलीस, तर तंतू एकमेकांना साधारण 72,000 वेळा भिडतात. बाई साध्या बोलण्यात सेकंदाला दोनशेच्या आसपास असते. बसमध्ये एकूण तासभर बोललीस आणि त्यातला निम्माच वेळ गळ्यात सूर चालू होता असं धरलं, तरी ती संख्या 3,60,000 होते. म्हणजे बसमधला एक तास बरोबर तुझ्या पाच पदांएवढा. शिवाय इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवून बोलतो ते वेगळंच, आणि ते आपल्याला कळतही नाही. नाटकाच्या बसमध्ये भेंड्या होतात, नकला होतात, मागच्या सीटवर कालच्या प्रयोगाचं पोस्टमॉर्टम होतं. त्याची मजा मी नाकारत नाही. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या आठवणींतल्या निम्म्या त्या बसमधल्या आहेत. पण आवाज बसतो तो बसमध्ये. मी पहिल्या दिवशीच सांगून टाकते की प्रवासात मी मुकी असते. दोन दिवस चिडवतात, तिसऱ्या दिवसापासून सवय होते. आणि कुजबुज म्हणजे मौन नव्हे; ताणून केलेल्या कुजबुजीनं गळा आणखी आवळतो. खाकरणंही तसंच. त्यापेक्षा घोटभर पाणी गिळ.

जेवणाबद्दल कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. रात्रीचा प्रयोग बारा-साडेबाराला संपतो. मेकअप उतरवून, सेट भरेपर्यंत एक वाजतो. मग पोटभर तिखट जेवण आणि लगेच बसमध्ये आडवं. पोटातलं आम्ल वर येतं आणि झोपेत स्वरयंत्रापर्यंत पोचतं. सकाळी घोगरा आवाज, घशात काहीतरी अडकल्यासारखं, आणि आपण म्हणतो, ‘सांगलीची हवा लागली.’ हवेचा काही दोष नसतो. मी दौऱ्यात मुख्य जेवण संध्याकाळी पाचच्या आत घेते, प्रयोगानंतर हलकं काहीतरी, आणि बसमध्ये निदान दोन तास बसून राहते.

पट्टीचा मुद्दा तुला आवडणार नाही. काळी पाच ही तुझी बैठकीची पट्टी आहे. तिथे तू मांडी घालून बसतेस, मागे तानपुरा असतो, मध्ये कुणी तुला पळायला लावत नाही. दौऱ्यासाठी त्याखालची काळी चार घे, अगदीच जिवावर आलं तर दोन्हींच्या मधली पांढरी सहा. पहिल्या प्रयोगाला तुला ती मंद वाटेल. सहाव्याला वाटणार नाही. शिवाय तुझा नायक काळी एकमध्ये गात असेल तर काळी चारचा तुझा षड्ज हा त्याचा पंचम, म्हणजे ‘प’, होतो, आणि युगुलगीतात एकाकडून दुसऱ्याकडे जाताना ऑर्गनवाल्याला कसरत करावी लागत नाही. त्या ऑर्गनवाल्याशी पहिल्या दिवसापासून मैत्री कर, दिग्दर्शकापेक्षाही आधी. प्रयोग चालू असताना तुला वाचवू शकणारा माणूस तोच.

गद्यातून पदात शिरणं ही तुला आत्ता अजिबात न जाणवणारी गोष्ट आहे, कारण मैफिलीत ती नसतेच. पदाआधीचं शेवटचं वाक्य तू बोलण्याच्या पट्टीत बोलतेस आणि मग एकदम षड्ज लावतेस. तिथे सांधा दिसतो, प्रेक्षक ‘आता गाणं आलं’ म्हणून खुर्चीत मागे सरकतो. ते शेवटचं वाक्य हळूहळू षड्जाकडे नेत बोल, ऑर्गनला त्याखाली अगदी बारीक सूर धरायला सांग. बोलणं कधी संपलं आणि गाणं कधी लागलं ते कळता कामा नये. माझी तालीम मी इथेच सर्वांत जास्त करते. पद तर येतंच असतं.

धावपळीनंतर लगेच पद असेल तर श्वास घेण्याआधी तो सोड. दमलेला माणूस भरलेल्या छातीत आणखी भरत जातो आणि पहिल्याच ओळीला धाप लागते. आणि तालमी पंजाबी ड्रेसमध्ये करू नकोस. निदान शेवटचे दहा दिवस नऊवारी नेसून, कमरपट्टा आवळून कर. बरगड्यांना किती जागा उरते ते आधीच कळेल.

आता हशाकडे येते. काल हसले, आज पडलं. तू त्यावर केलेला उपाय तुझ्याच शब्दांत असा: ‘ज्या दिवशी जमलं त्या दिवशीचा टोन मी मोबाइलवर रेकॉर्ड केला आहे आणि तो रोज घोटते.’ आणि पुढच्याच ओळीत लिहितेस की पदात मात्र रोज नवीन काहीतरी घेतेस, कंटाळा येऊ नये म्हणून. माझ्या मते तुझा सगळा घोळ या दोन ओळींत आहे. तू जे मोकळं ठेवायचं ते बांधलंस आणि जे बांधायचं ते मोकळं सोडलंस.

दौऱ्यात पद बांधलेलं हवं. कुठल्या आवर्तनात कुठली जागा, श्वास कुठे, तिहाई (तीनदा म्हणून समेवर यायचा तुकडा) कुठे, सगळं ठरलेलं. ते ठरलेलं असलं की थकलेल्या दिवशीही गळा आपोआप त्या वाटेनं जातो. विनोद मात्र तुझ्या एकटीचा नसतोच. त्यात समोरचा नट असतो आणि समोरचे आठशे लोक असतात, आणि ते लोक रोज वेगळे. वाक्य तेच राहू दे, शब्दही तेच, पण ते कधी टाकायचं हे त्या रात्रीच्या कानानं ठरव.

माझा अनुभव असा की पुण्यात शब्दावर पटकन हसतात, कधीकधी वाक्य पुरं व्हायच्या आधीच. एखाद्या कंपनीनं कामगारांसाठी घेतलेल्या कॉन्ट्रॅक्ट शोला पहिली वीस मिनिटं नुसती स्थिरस्थावर होण्यात जातात. मुलं रडत असतात, उशिरा आलेले खुर्च्या शोधत असतात. तिथे पहिल्या प्रवेशात हशा आला नाही म्हणून आवाज चढवलास की संपलीस. गोव्यात देवळाच्या उत्सवात उघड्यावर प्रयोग असेल तर हशा मागून पुढे लाटेसारखा येतो, नाट्यगृहापेक्षा उशिरा. तिथे वाट पाहावी लागते. आणि पदाला मात्र तिथे असे कान असतात की एक स्वर हलला तरी पहिल्या रांगेतले आजोबा मान वर करतात.

हशा येतो तेव्हा काय करायचं? तो चढतो, टोकाला जातो आणि उतरायला लागतो. पूर्ण विरेपर्यंत थांबलीस तर प्रवेश थंड पडतो. चढत असताना बोललीस तर तुझं वाक्य बुडतं, आणि पुढच्या वेळी लोक हसताना बिचकतात, कारण आपण काहीतरी चुकवलं असं त्यांना वाटतं. उतरायला लागला, अजून थोडा बाकी आहे, तिथे बोल. पहिला शब्द महत्त्वाचा नसेल असं वाक्य असावं. नसेल तर लेखकाला विचारून ‘अहो’, ‘पण’ असं काहीतरी पुढे जोडून घे. थांबलेल्या वेळात हलू नकोस, मात्र पात्र म्हणून जिवंत राहा. हे आरशासमोर शिकता येत नाही. पहिल्या तीन प्रयोगांत चुकशील, चुकू दे.

नायिकेबद्दल आणखी एक. विनोदी नाटकात नायिका विनोद ‘करत’ नाही. 1916 साली रंगभूमीवर आलेलं संगीत संशयकल्लोळ आठव. फाल्गुनराव आणि कृत्तिका या नवरा-बायकोचा संशय आपल्याला हसवतो, पण नायिका रेवतीला आपण विनोदी नाटकात आहोत हे ठाऊकच नसतं. तिचा संशय तिच्यापुरता खरा असतो आणि ती तो खऱ्या सुरात गाते, म्हणून भोवतालचा गोंधळ आणखी हास्यास्पद होतो. तू हसू आणायला गेलीस की विनोदी नटाच्या पायाखालची फळी काढतेस. तो त्या दिवशी नवीन काहीतरी घालेल, त्या गावाच्या बसस्टँडचा उल्लेख करेल, तुला हसवायचा प्रयत्नही करेल. दोन वेळा चालतं. रोज व्हायला लागलं तर अंक दहा मिनिटांनी लांबतो आणि ती दहा मिनिटं तुझ्या शेवटच्या पदाच्या वेळी तुझ्याच गळ्यातून वसूल होतात. हे भांडून नाही, व्यवस्थापकाकडून सुटतं. प्रयोग किती वाजता सुटला याची नोंद त्याच्याकडे असते, आणि नाट्यगृहाची वेळ उलटली की त्याच्या खिशाला चाट बसते.

वन्समोअर. येईल, खूश होशील. पण विनोदी नाटकात भरात आलेल्या प्रवेशाच्या मध्ये अख्खं पद पुन्हा म्हटलं की पुढचा हशा गेलाच. आमची पद्धत ही की फक्त शेवटच्या दोन पदांना घ्यायचा, तोही अंतऱ्यापासून. ऑर्गनवाल्याकडे बघायचं, त्यानं मान हलवली तरच.

एवढं करूनही आवाज जाईल. बारा दिवसांत एकदा जातोच असं धरून चाल. मराठी व्यावसायिक नाटकात तुझ्या जागी उभं राहणारं कुणी बहुतेक वेळा नसतं, आणि बोर्ड लागलेला असतो, म्हणजे प्रयोग जाहीर झालेला असतो. म्हणून निघायच्या आधी संगीत दिग्दर्शकाबरोबर बसून एक ‘आजारी आवृत्ती’ ठरवून ठेव: कुठलं पद पूर्ण गळेल, कुठल्याचं एकच कडवं राहील, कुठलं एक स्वर खाली जाईल. माझ्याकडे पहिल्या दौऱ्यात अशी आवृत्ती नव्हती. चौथ्या प्रयोगाला मी दुसऱ्या अंकातल्या पदाचा मुखडा कसाबसा म्हटला आणि अंतरा गायचा सोडून नायकाशी भांडल्यासारखा नुसता बोलून टाकला. हशा आला. मी मनात म्हटलं, सुटलो. नाटक संपल्यावर एक आजोबा काठी टेकत मेकअप रूमपर्यंत आले, नमस्कार केला आणि म्हणाले, “काम छान. पण आमचं एक कडवं तुमच्याकडे बाकी राहिलं हं, बाई.” पुढच्या वर्षी त्या गावात गेले तेव्हा मी त्यांना शोधत होते. दिसले नाहीत.

आवाज गेल्यावर वाफ घे, पाणी पी, गप्प राहा, आणि पेलाभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत हलका सूर धर. पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. माझ्या बाबतीत याइतका उपयोग कशाचाच झालेला नाही. अंगदुखीला स्वतःच्या मनानं अॅस्पिरिन घेऊ नकोस. रक्त गोठणं मंदावतं आणि ताणलेल्या स्वरतंतूंत रक्त उतरायचा धोका वाढतो. पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस तंतूंना किंचित सूज असू शकते, वरचे स्वर जड जातात. तारखा आधीच बघून ठेव आणि त्या दिवशी ‘आजारी आवृत्ती’तलं थोडं वापरायला लाजू नकोस. आणि गाताना दुखलं, किंवा घोगरेपणा तीन आठवडे हटला नाही, तर घरगुती उपाय बंद. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू दुर्बिणीनं तपासून घे.

पैशाचं तू विचारलं नाहीस, पण विचार. नाइट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, ठरवताना दुपार-रात्र प्रयोगांना दोन नाइट मिळणार का, खोली कितीजणींत आहे, प्रयोग रद्द झाला तर काय, हे आधी बोलून घे. आणि बसमध्ये कुठली सीट. हसू नकोस. मागची सीट म्हणजे धक्के आणि गप्पा. पुढून तिसरी-चौथी, खिडकीची, मफलर गुंडाळून.

राहिले गुरुजी. त्यांची भीती खोटी नाही. नाटकानं घसा घालवलेली माणसं मीही पाहिली आहेत. पण किराणा घराण्यातल्या हिराबाई बडोदेकर मैफिलीही गाजवत होत्या आणि नाटक मंडळीही चालवत होत्या. त्याच घराण्याचे गायक सवाई गंधर्व यांना तर ते नावच रंगभूमीनं दिलं. जयमालाबाई शिलेदारांनी जयराम शिलेदारांबरोबर 1949 मध्ये पुण्यात ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली, आयुष्यभर दौरे केले, आणि त्यांची मुलगी कीर्ती शिलेदार त्याच बसमधून पुढे गेल्या. हे गुरुजींना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. वाद घालू नकोस. नाटकासाठी पट्टी उतरवते आहे, पदं बांधून घेते आहे, तेवढं सांग, आणि बांधायला त्यांनाच बसव. फक्त त्यांना पुण्यातल्या पहिल्या प्रयोगाला बोलावू नकोस. आठवा-नववा गोव्यात आहे ना, तिथे बोलाव.